दीड आटा

उद्यमनगरातल्या आमच्या मेस्त्रींकडे गाडी नेली, की ते लगेच गाडीला हात लावत नाहीत. आधी चिंधीला हात पुसतात, गाडीभोवती एक चक्कर मारतात आणि मग आपल्याकडे न बघता विचारतात, "शेवटचा हात कुणाचा लागलाय हिला?"

हा प्रश्न ऐकून गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर जे भाव येतात, ते मी तीस वर्षं वर्गात पाहिलेत. गृहपाठ कुणी करून दिला, असं विचारल्यावर येणारे. बहुतेक जण सांगलीचं नाव घेतात. "सांगलीत एकाला दाखवली होती," म्हटलं की सुटका होते. मेस्त्रींच्या हिशेबानं कोल्हापुरातल्या निम्म्या गाड्या सांगलीत बिघडतात. सांगलीतल्या गाड्या कुठं बिघडत असतील, ते सांगायला नको.

मीही एकदा सांगलीचंच नाव घेतलं होतं. त्याची ही गोष्ट.

माझी गाडी १९८५ सालची राजदूत ३५०. यामाहाच्या आरडी ३५० चा हा देशी अवतार एस्कॉर्ट्सनं १९८३ साली आपल्याकडे आणला. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर आणि दोन कार्बोरेटर. जपानी गाडी ३९ घोड्यांची होती. इथं पोहोचेपर्यंत साडेतीस राहिले. साडेआठ घोडे बहुधा बंदरावरच उतरले. तरी गाडी पेट्रोल फार पिते अशी ओरड झाली, म्हणून आणखी साडेतीन उतरवून सत्तावीस घोड्यांची दुसरी आवृत्ती निघाली. पुढच्या चाकाचा डिस्क ब्रेकही जपानातच राहिला, आपल्या वाट्याला ड्रम आला. पळायची सोय कंपनीनं केली होती, थांबायचं ज्याचं त्यानं बघायचं होतं.

त्याच १९८५ साली शंभर सीसीची हीरो होंडा आली. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, असं तिच्या जाहिरातीत सांगितलं होतं. लोकांनी ते मनावर घेतलं. लिटरला ऐंशी किलोमीटरच्या हिशेबापुढं वीस-पंचवीसवाली राजदूत कुठं टिकणार? दशक संपता संपता तिचं उत्पादन थांबलं. मी तेव्हा भौतिकशास्त्राचा नवा मास्तर होतो आणि माझ्या पगारात फक्त विसरून जायची गाडी बसत होती. ती घेतली, तीस वर्षं चालवली आणि खरोखरच विसरलो. आज तिचा नंबरही आठवत नाही.

निवृत्तीनंतर इचलकरंजीच्या एका गोदामात, सुताच्या कोनांच्या पोत्यांमागं ही राजदूत दिसली. तिच्या सीटवर मांजर व्यालं होतं. पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत मालकानं मला थांबायला लावलं. मग गाडी घरी आली आणि उतरलेले घोडे परत आणायचा विचार माझ्या डोक्यात शिरला.

गाडी मॉडिफाय करणं म्हणजे कंपनीच्या इंजिनिअरांनी वर्षानुवर्षं विचार करून जुळवलेली गोष्ट एका रविवारी उसवणं. मी दोन टाके उसवले. मूळचे सायलेन्सर काढून पत्र्याचे शंकू कापून, वेल्ड करून, पोटात बाळ असल्यासारखे दोन फुगीर एक्स्पान्शन चेंबर बनवून घेतले. आणि हवेची जुनी पेटी काढून प्रत्येक कार्बोरेटरला स्वतंत्र, उघडा फिल्टर बसवला. गाडीला मोकळा श्वास घेता यावा, हा हेतू.

मोकळ्या श्वासाची पंचाईत अशी, की जुन्या पेटीतून हवा ओढायला इंजिनाला जोर लावावा लागायचा आणि त्या ओढीबरोबर पेट्रोलही वर यायचं. अडथळा गेला तशी ओढ कमी झाली. हवा मुबलक आणि पेट्रोल तोकडं. टू-स्ट्रोकला पेट्रोल तोकडं पडलं, की ती आधी झकास पळते. हा तिचा सगळ्यात फसवा गुण. मग तापते, पिस्टन फुगतो, सिलिंडरला धरतो आणि इंजिन सीझ होतं. गाडी नेहमीपेक्षा चांगली पळायला लागली की मेस्त्री लोकांना घाम फुटतो तो म्हणूनच. थोडक्यात, कार्बोरेटर नव्यानं जुळवणं भाग होतं.

कार्बोरेटर म्हणजे काय, हे मी वर्गात फ्लिटच्या पंपावरून शिकवायचो. ज्यांच्या घरी ढेकूण होते त्यांना चटकन समजायचं. दांडा ढकलला की हवा वेगानं सुटते, डब्यात बुडलेल्या नळीच्या तोंडावरून जाते, तिथला दाब कमी होतो आणि औषध आपोआप वर चढून फवाऱ्यात फुटतं. बर्नूलीनं वाहत्या पदार्थांचं हे गणित १७३८ साली पुस्तकात मांडलं. बुडापेस्टच्या बांकी आणि चोंका या जोडगोळीनं १८९३ साली कार्बोरेटरचं पेटंट घेतलं. नळी फुंकून फुलांवर पाणी शिंपडणारी फुलवाली पाहून त्यांना ही युक्ती सुचली, अशी एक दंतकथा आहे. कोल्हापुरात कुणाला सुचली असती, तर ढेकणांवरून सुचली असती.

फरक एवढाच, की ढेकणांच्या बाबतीत औषध कमी-जास्त झालं तर चालतं. इथं एक ग्रॅम पेट्रोल पुरतं जळायला सुमारे पावणेपंधरा ग्रॅम हवा लागते. आणि हे प्रमाण गाडी उभी असताना, रांगताना, घाट चढताना आणि सुसाट सुटल्यावरही सांभाळायचं, ते एका पितळी भोकाला जमणारं नाही. म्हणून कार्बोरेटरात कामाची वाटणी असते. ती महसूल खात्यासारखी आहे. गाडी जागेवर गुरगुरत असते तेव्हा कारभार पायलट जेटकडे आणि हवेच्या स्क्रूकडे, हे तलाठी. मूठ थोडी पिळली, की स्लाइडच्या खालच्या कापाचा अंमल सुरू होतो, हे सर्कल. पावपासून पाऊण मुठीपर्यंत सुईचं राज्य, तहसीलदार. आणि मूठ पूर्ण पिळली, की सूत्रं मेन जेटच्या हातात, साक्षात कलेक्टर.

नवशिके काय करतात, तर तलाठ्याची तक्रार थेट कलेक्टरकडे नेतात. गाडी जागेवर नीट चालत नाही म्हणून मेन जेट बदलून मोकळे होतात. त्यानं तलाठी सुधारत नाहीच, कलेक्टर तेवढा बिघडतो. मी ही चूक केली नाही. माझी चूक अधिक शिकलेली होती.

पहिले काही महिने सगळं उत्तम गेलं. मेस्त्रींनी मेन जेट मोठे घालून दिले, सुईची क्लिप एक खाच खाली सरकवली आणि रोजचं जुळवणं मला शिकवलं. रविवारी सकाळी सातला माझी पूजा सुरू व्हायची. आधी गाडी राजारामपुरीतून एक मोठा फेरा मारून गरम करून आणायची. थंड इंजिनावर केलेलं ट्यूनिंग म्हणजे झोपेत दिलेलं वचन. मग हवेचा स्क्रू हलकेच आत फिरवत तळाला टेकवायचा. "टेकवायचा, आवळायचा न्हाई," हे मेस्त्रींचं वाक्य. आवळला, की स्क्रूचं टोक आपली आठवण त्या भोकात कायमची कोरून ठेवतं. टेकला, की तिथून मागं मोजायचं. अर्धा आटा, एक आटा, दीड आटा. साधारण दीड आट्यावर गाडीचा आवाज खुलतो. तिथून पावभर इकडं-तिकडं.

मग एका बाजूच्या प्लगची कॅप काढून, तिला जुना प्लग जोडून, तो इंजिनाला टेकवून ठेवायचा आणि गाडी एकाच सिलिंडरवर चालवायची. बिचारी लंगडत चालते. बंद पडू नये एवढाच स्लो ठेवायचा. मग दुसऱ्या बाजूची तीच परीक्षा. दोन्ही पास झाले की दोघांना एकत्र आणायचं. मुठीतून निघालेली एक केबल टाकीखाली जाऊन तीन होते: दोन कार्बोरेटरांकडे जातात, तिसरी ऑइलच्या पंपाकडे. फिल्टर काढून दोन्ही तोंडांत एकेक बोट घालायचं, मूठ केसभर पिळायची आणि दोन्ही स्लाइड बोटांना एकाच क्षणी उचललेल्या जाणवल्या पाहिजेत. एक आधी उठली, तर तिची केबल ढिली करायची. तबल्याची जोडी लावताना हातोडी जशी हलके ठोकतात, तशी ही कामं. जोर लावला की संपलं.

शेवटची परीक्षा तळहातांची. गाडीमागं उकिडवं बसायचं आणि दोन्ही सायलेन्सरांमागं वीतभर अंतरावर एकेक तळवा धरायचा. डाव्या हातावर एक फुंकर, उजव्या हातावर एक फुंकर. दोन्ही सारख्या वजनाच्या, सारख्या ऊबेच्या. त्या वेळी शेजारच्या गॅलरीतून कुणी पाहिलं, तर एक निवृत्त मास्तर मोटारसायकलीची आरती घेतोय असं वाटावं. बरेच जण पाहायचेही.

पावसाळ्यात गाडी दोन महिने उभी राहिली. गणपतीच्या आधी काढली, तर डावा सिलिंडर जागेवर धरेना. वाटीतलं पेट्रोल उडून जाऊन मागं चिकट गोंदासारखं काहीतरी राहिलं होतं. मी डावा कार्बोरेटर खोलला, साफ केला, बसवला. गाडी सुरू झाली. मात्र त्या दिवसापासून डावी बाजू बिघडली ती बिघडलीच.

आता तक्रार उलटी होती. डावीकडं पेट्रोल कमी नव्हतं, जास्त येत होतं. मूठ पिळली की गाडी ठीक; सिग्नलला थांबली, की डावी बाजू अडखळायची. उजव्या तळहातावर स्वच्छ फुंकर आणि डाव्या तळहातावर खोकल्यासारखा धक्का, वर काळे तेलकट शिंतोडे. डावा प्लग काढावा, तर काजळी. उजवा मात्र चहात बुडवलेल्या खारीच्या रंगाचा, अगदी हवा तसा.

मी भौतिकशास्त्राचा माणूस. पद्धतशीर शोध सुरू केला आणि वहीच केली. एका वेळी एकच बदल, त्याची तारीख आणि परिणाम. डावा-उजवा प्लग अदलाबदल केले. प्लगच्या कॅप बदलल्या. प्लॅटिनम पॉइंट घासले. कॉइल बदलली. फ्लोटची उंची मोजली. चोकची फट बंद होते का ते पाहिलं. या गाडीत चोकची कळ एकाच कार्बोरेटरवर असते, दुसऱ्याला नळीनं जोडलेलं असतं, म्हणून मला त्या नळीचाही संशय आला. प्रत्येक वेळी काही उरलंच, तर डाव्या बाजूचा हवेचा स्क्रू आणखी थोडा मागं घ्यायचो, म्हणजे हवा वाढून जास्तीचं पेट्रोल झाकलं जायचं. वहीत एकोणीस नोंदी झाल्या. नीटस अक्षर, खाली रेघ.

या काळात सोसायटीच्या सभेत माझ्या गाडीचा विषय 'आयत्या वेळचे विषय' यातून बढती मिळून पहिल्या क्रमांकावर आला. धूर होतो, वास येतो, आवाज येतो. धुरानं डास कमी झाले, एवढं मात्र तळमजल्यावरच्या एका सभासदांनी मान्य केलं. म्हणजे फ्लिटचं तत्त्व तिथंही सिद्ध झालं.

आई चौऱ्याऐंशी वर्षांची. ती खिडकीत बसून मटार सोलता सोलता म्हणाली, "तुझ्या गाडीला स्टोव्ह पिवळा जळल्यासारखा वास येतोय रे." मी हसलो. तिला समजावून सांगितलं, की स्टोव्हची गोष्ट वेगळी आणि दोन सिलिंडरच्या टू-स्ट्रोक इंजिनाची वेगळी. ती "असेल बाबा," म्हणाली आणि पुढची शेंग घेतली.

तीन महिन्यांनी मी हरलो आणि गाडी ढकलत उद्यमनगरात गेलो.

मेस्त्रींनी हात पुसले, चक्कर मारली.

"शेवटचा हात कुणाचा लागलाय हिला, सर?"

"सांगलीत एकाला..." मी सुरुवात केली. मेस्त्रींनी वर पाहिलं. नुसतं पाहिलं. "म्हणजे तसा माझाच," मी म्हणालो आणि वही पुढं केली.

त्यांनी वही उभ्या-उभ्या वाचली. पानं उलटताना बोटाला थुंकी लावली नाही, अंगठ्यावरचं ऑइल पुरेसं होतं. मग वही सीटवर ठेवून ते खाली बसले आणि उजव्या कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू हलकेच आत फिरवला. ओठांतल्या ओठांत मोजत होते. "दीड." मग डावा. एक... दोन... मला दुसरीकडं बघावंसं वाटायला लागलं. तीन... "सव्वातीन," ते म्हणाले. "सर, दीडच्या जागी सव्वातीन आटं मागं घ्यावं लागतंय, म्हंजी खालचं भोक मोठं हाय. हवा किती बी द्या."

डाव्या कार्बोरेटरची वाटी त्यांनी खोलली, बारीक स्क्रू ड्रायव्हरनं पायलट जेट काढला. मग उजव्याचाही काढला. पितळेचे ते दोन जेट, हरभऱ्यापेक्षा थोडे लांब, दोघांवर एकच नंबर कोरलेला. दोन्ही चिमटीत धरून त्यांनी दाराबाहेर आभाळाकडं रोखले आणि मला बोलावलं. मी एक डोळा मिटून पाहिलं. उजव्यातून सुईच्या टोकाएवढा प्रकाश येत होता. डाव्यातून आभाळ जास्त दिसत होतं.

"साफ कशानं केलासा?"

मी गप्प.

"पिन घातलासा?"

पावसाळ्यानंतर चोंदलेला तो जेट मी आईच्या माळ्यावरच्या डब्यातल्या स्टोव्हच्या पिनेनं साफ केला होता. पत्र्याच्या पट्टीला डकवलेली ती पोलादी तार. पितळेच्या भोकात पोलादी तार चार वेळा खालीवर केली, की भोक साफ होतं, मोठंही होतं आणि मोठं झालेलं भोक कुणाला लहान करता येत नाही. पोलाद पितळेपेक्षा कठीण असतं, हे मी आठवीच्या मुलांनासुद्धा शिकवलं होतं. उदाहरणासहित.

"थिनरमधी भिजवायचा, हवा मारायची," मेस्त्री म्हणाले. "आणि न्हाईच निघालं, तर गळाची नायलॉनची दोरी न्हाईतर तांब्याचा एक पदर. लोखंड न्हाई." मग त्यांनी माझा बिघडलेला जेट उचलला आणि भिंतीवरच्या एका खिळ्याकडं गेले. तिथं तारेत ओवलेली पितळी जेटांची माळ लटकत होती. तीस-चाळीस तरी असतील. इतक्या दिवसांत मला ती सजावट वाटली होती. "पिनंची माळ," ते म्हणाले आणि माझा जेट तिच्यात ओवला. डॉक्टर, वकील, दोन इंजिनिअर, एक फौजदार असे सगळे तिथं होते म्हणे. नावं त्यांनी सांगितली नाहीत. त्या बाबतीत ते कडक आहेत.

घरी आल्यावर आईला सांगितलं. तिला काही विशेष वाटलं नाही. "पिन घालून घालून निपल मोठं व्हायचंच," ती म्हणाली. "मग स्टोव्ह पिवळा जळायचा, भांड्यांची बुडं काळी व्हायची. पाटावर बसून काकडा पेटवून पंप मारला, की आवाजावरनंच कळायचं. रविवारच्या बाजारातनं नवं निपल आणायचं की झालं." आणि थोडं थांबून, "म्हणजे माझी पिन तू घेतलीस होय?"

तीन महिने, एकोणीस नोंदी आणि एक नवी कॉइल. सगळं उत्तर खिडकीत मटार सोलत बसलं होतं आणि मी त्याला इंजिनाचे भाग समजावून सांगत होतो.

रात्री वही पुन्हा काढली. पिनेची नोंद का नव्हती, हा खरा प्रश्न. मी काही लपवलं नव्हतं. वही तर माझी मीच लिहीत होतो. पानं उलटताना लक्षात आलं: मी 'बदल' लिहीत होतो. प्लग बदलला, कॉइल बदलली, स्क्रू पाव आटा फिरवला. जेट साफ केला हा काही बदल नव्हता; ती साफसफाई होती. आणि साफसफाईची नोंद कोण ठेवतं? त्यात काही केलं असं आपण धरतच नाही. केलेल्या गोष्टींच्या यादीत न बसणारी अशी किती कामं माणूस चांगल्या भावनेनं उरकत असतो. मुलाचं कपाट आवरून देतो, कुणाच्या भांडणात दोन समजुतीचे शब्द घालतो, दुसऱ्याच्या निबंधातल्या चार ओळी सुधारतो. पुढं काही बिघडलं, की सगळ्यांचे हात तपासतो, स्वतःचा सोडून. कारण आपण काही केलंच नव्हतं, फक्त साफ केलं होतं. मी वर्गातल्या एका मुलाचा प्रयोग असाच 'नीट' करून दिला होता आणि नंतर त्याचं उत्तर चुकलं म्हणून त्याला ओरडलो होतो. त्यालाही आता तीस वर्षं झाली. तो सांगलीचा होता.

विसाव्या क्रमांकाची नोंद मागची तारीख टाकून लिहिली. 'डावा पायलट जेट, स्टोव्हची पिन.' पुढं परिणामाच्या रकान्यात काही लिहिलं नाही. मागची एकोणीस पानं तोच होती.

नवे जेट बसले. डावा दीड, उजवा दीड. आता कुणाला वाटेल, एकदा जुळलं की संपलं. कार्बोरेटरात तसं काही नसतं. कोल्हापूरहून गगनबावड्याला जाऊन करूळच्या घाटानं कोकणात उतरावं, तर वैभववाडीला पोहोचेपर्यंत हवा दाट झालेली असते. दर हजार मीटर उंचीला हवा साधारण दहा टक्के विरळ होते, तेच उतरताना उलटं. वर जुळवलेली गाडी खाली थोडी उपाशी राहते. स्क्रू पावभर आत घ्यावा लागतो. परत येताना पावभर बाहेर. खिशात छोटा स्क्रू ड्रायव्हर असतोच. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-सिक्सचे नियम आले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ नाहीसाच झाला. तिथं सेन्सर हवा मोजतात आणि पेट्रोल तेवढंच सोडतात. त्या गाड्यांना कुणाचा शेवटचा हात लागला, हे लॅपटॉप जोडला की कळतं म्हणे. सांगलीचं नाव घ्यायची सोय राहिली नाही.

त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. इथेनॉलबरोबर थोडा ऑक्सिजनही येतो, म्हणजे पुन्हा तोकडेपणा. मेस्त्रींनी मेन जेट एक नंबर वाढवून दिले. वर ते हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून गाडी उभी ठेवायची तर वाटी रिकामी करून ठेवायची. हे इथेनॉल उसाचंही असतं. ज्या उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकून मी जन्मभर शाळेत उशिरा पोहोचलो, तो ऊस आता कार्बोरेटरात शिरून मला थांबवतोय. आमच्या जिल्ह्यात उसापासून सुटका नाही, हे माहीत होतं. ती इंजिनाच्या आतही नसेल, असं वाटलं नव्हतं.

मागच्या महिन्यात नवे पॉइंट घ्यायला मेस्त्रींकडं गेलो होतो. तिथं एक पोरगा जुनी आरएक्स घेऊन उभा होता. बावीस-तेवीस वर्षांचा, गाडी आजोबांची, सायलेन्सर नवा. जागेवर धरत नाही, काळा धूर टाकते म्हणत होता. मेस्त्रींनी चिंधीला हात पुसले, चक्कर मारली.

"शेवटचा हात कुणाचा लागलाय हिला?"

पोरगा छताकडं बघायला लागला. मी भिंतीवरच्या खिळ्याकडं बघायला लागलो. माळेतला माझा जेट अजून नवा असल्यासारखा चमकत होता. त्याच्या पुढं तारेत बोटभर जागा मोकळी होती.

"सांगलीत एकाला दाखवली होती," तो म्हणाला.